गोळ्यांच्या बदल्या

छावणीजवळच्या एका खासगी लॅबमध्ये मी जंतू वाढवते. लोकांचा पू, लघवी, थुंकी, रक्त असं सगळं माझ्या टेबलावर येतं. मी ते प्लेटमध्ये पसरवते, उबेत ठेवते आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघते. मग त्या उगवलेल्यांवर औषधांच्या छोट्या टिकल्या ठेवून, ते कोणत्या औषधानं मरतात आणि कोणत्या औषधाला भीक घालत नाहीत, ते लिहून देते. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझ्या मनात जंतूंविषयी थोडा आदर निर्माण झाला आहे. माणसांविषयी जो होता तो मात्र संपत आला आहे.

जंतू निदान खोटं बोलत नाही. त्याला औषध चालतं की नाही ते तो प्लेटवर स्वच्छ दाखवतो. माणसाला विचारा, ‘गोळ्या पूर्ण घेतल्या का?’ तर तो आधी बायकोकडे बघतो, मग छताकडे, आणि मग म्हणतो, ‘घेतल्या ना, बरं वाटेपर्यंत.’ बरं वाटेपर्यंत! म्हणजे बरं वाटणं आणि बरं होणं एकच. ताप उतरला, तोंडाला चव आली, की उरलेली पट्टी कुठं जाते? कचऱ्यात जात नाही. आपल्याकडे कचऱ्यात सहसा काही जातच नाही. ती डब्यात जाते.

असा डबा बहुतेक घरांत असतो. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या घरातला डबा हे एक संस्थानच होतं. पुंडलिकनगरातल्या त्या घरात तो फ्रीजवर विराजमान असायचा. मूळचा चकल्यांचा, गोल, स्टीलचा. त्यात सगळ्या नातलगांच्या आजारपणांचे अवशेष साठवलेले. गोळ्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, त्या मालकावरून आणि आजारावरून ओळखल्या जात. दाताच्या गोळ्या, जावयाच्या टायफॉइडच्या, शेजारच्या काकूंच्या लघवीच्या. कापलेल्या पट्ट्यांवर नाव अर्धं राहिलेलं आणि मुदतीची तारीख कात्रीबरोबर गेलेली. या डब्याचे सर्वाधिकारी होते आमचे दाजी, ताईचे यजमान.

दाजी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या बदल्यांच्या फायली हलवण्यात घालवली. कोण कन्नडला जाईल, कोण पैठणला, कोण तीन वर्षं एकाच टेबलावर चिकटून बसलाय, हे त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र ते ज्या खोलीत, ज्या खुर्चीत नोकरीला लागले त्याच खुर्चीतून निवृत्त झाले, याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. निवृत्तीनंतर हलवायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी गोळ्या हलवायला घेतल्या.

त्यांचा सिद्धांत मी पहिल्यांदा ऐकला तो एका रविवारी, जेवताना. ते मला ‘मॅडम’ म्हणतात. त्यात मान किती आणि टोमणा किती, ते मी मोजणं सोडून दिलं आहे.

‘तुमचे डॉक्टर चुकतात कुठं, सांगू का मॅडम? एकच गोळी आठ-आठ दिवस देतेत. अहो, एका टेबलावर माणूस लई दिवस बसला की काय होतं? सेटिंग होतं. जंतूचंबी तसंच हाय. गोळीची आन त्याची वळख झाली की तो तिला बरोबर मॅनेज करतो. म्हून सेटिंग व्हायच्या आत गोळीची बदली करायची. दोन दिस ही, दोन दिस ती. जंतू गांगरला पायजे.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईनं तर अभिमानानं माझ्या पानात भात वाढला. त्या सिद्धांताचा खरा धोका हाच होता. तो ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटायचा. ज्यांनी कधी सरकारी कार्यालयात पाऊल टाकलं आहे, त्यांना तर तो सोळा आणे पटायचा.

मी एकदा, फक्त एकदाच, त्यांना समजावून सांगायचा गाढवपणा केला. म्हटलं, दाजी, जंतूला भिंत असते. एकाचे दोन, दोनाचे चार होताना ती त्याला सारखी बांधत राहावी लागते. काही औषधं त्या बांधकामातच खोडा घालतात. भिंत कच्ची राहते, बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जंतू फुगून फुटतो. काही औषधं त्याच्या पोटातला प्रथिनं तयार करायचा कारखाना बंद पाडतात. तो लगेच मरत नाही, पण त्याची वाढ थांबते. काही औषधं त्याला स्वतःची नक्कलच करू देत नाहीत. पण यातलं काहीही चुटकीसरशी होत नाही. औषध रक्तात पुरेसं लागतं आणि सतत लागतं. पहिल्या दोन दिवसांत मरतात ते लेचेपेचे. चिवट असतात ते मागे राहतात. नेमकी त्याच वेळी तुम्ही गोळी काढून घेता. मग पुढची सगळी पिलावळ होते ती त्या चिवटांची. शिवाय औषध एकटं लढाई जिंकत नाही. ते जंतूंना जेरीला आणतं, आणि उरलेल्यांना गिळून संपवायचं काम आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. औषध त्यांना वेळ मिळवून देतं.

दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, ‘तेच तर म्हणतो मी. मागं राहतेत ते चिवट असतेत. म्हून तर बदली.’

माझ्या एवढ्या मोठ्या व्याख्यानातून त्यांना ऐकू आली ती फक्त त्यांच्या मताला मिळालेली मंजुरी. त्यानंतर मी त्या घरात फक्त जेवायला जात असे.

ताईला साखर होती, बऱ्याच वर्षांची. साखरेच्या गोळ्यांची मात्र दाजींनी कधी बदली केली नाही. त्याची गरजच पडली नाही, कारण ताई त्या आठवल्या तर घ्यायची. चतुर्थीला अजिबात नाही. गोळ्या गरम पडतात आणि उपाशीपोटी पोटात आग होते, हे तिला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं होतं देव जाणे. पण साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वर चहा हे तिला गरम पडत नव्हतं. मी चिडले की ती हसायची आणि म्हणायची, ‘तू जंतूंची मास्तरीण. माणसाला काय चालतं ते तुला काय ठाव?’ ती असं म्हणाली की माझा राग अर्धा व्हायचा. माझ्या आयुष्यात असं करू शकणारी ती एकटीच होती.

गेल्या उन्हाळ्यात ज्या दिवशी नळाला पाणी सुटायचं होतं, त्या दिवशी हे सगळं सुरू झालं. आमच्याकडे पाणी बऱ्याच दिवसांनी एकदा सुटतं, त्यामुळे त्या दिवशी बायका लग्नाचंसुद्धा आमंत्रण टाळतात. दाजी मोटर लावून उभे, आणि ताई अनवाणी अंगणात पाइप या ड्रममधून त्या ड्रममध्ये फिरवत होती. अंगणातली एक फरशी फुटलेली होती. तिची कपची ताईच्या तळव्यात, अंगठ्याच्या खाली घुसली. ताईला काहीच कळलं नाही. साखरेनं तिच्या पावलांमधली जाणीव कधीच खाऊन टाकली होती. पाणी भरून झालं, भांडी भरून झाली, आणि घरात आल्यावर फरशीवर लाल पाऊल उमटलेलं दाजींना दिसलं. तिनं पाय धुतला, हळद दाबली आणि स्वयंपाकाला लागली.

धडधाकट माणसाच्या पायात अशा वेळी काय घडतं ते फार देखणं असतं. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे आणि त्याच्याइतकं चोख काम मी कुठल्या कार्यालयात पाहिलेलं नाही. जखम होताच आसपासच्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून तिथं लाली आणि ऊब येते. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर येतात आणि जंतूंच्या मागावर निघतात. रक्तातली काही प्रथिनं जंतूला जाऊन चिकटतात, म्हणजे तो पेशींना ओळखू येतो. काही प्रथिनं तर त्याच्या अंगाला थेट भोकं पाडतात. पेशी जंतूला गिळते आणि आत कोंडून त्याच्यावर ब्लीचिंग पावडरीच्या जातीचं विष ओतते. जंतू मरतो. बऱ्याचदा ती पेशीही मरते. आपण ज्याला पू म्हणून नाक मुरडतो तो बराचसा या मेलेल्या पेशींचाच असतो. कुणी हुकूम देत नाही, कुणी सही करत नाही.

ताईच्या पायात यातलं सगळं अर्धवट झालं. रक्तात साखर इतकी की पेशी जखमेकडे रेंगाळत निघायच्या, पोचल्या तर नीट गिळायच्या नाहीत, गिळलं तर आत मारायच्या नाहीत. जे शरीराला जमत नव्हतं ते करायला मग दाजी सरसावले.

पुढचं मला फार उशिरा कळलं. ‘ती उगं ओरडंल’ म्हणून मला मुद्दामच कळवलं नव्हतं. आधी दाताच्या गोळ्या दिल्या. सूज जरा उतरली तसे दाजी खूश. मग सेटिंग होऊ नये म्हणून त्यांची बदली काकूंच्या लघवीच्या गोळ्यांवर झाली. मध्ये चतुर्थी आली, तेव्हा काहीच नाही. मग जावयाच्या टायफॉइडच्या. तेवढ्यानंही पाय ऐकेना, तेव्हा दाजी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेले. त्यानं पाय बघितला नाही, ताईला बघितलं नाही, चिठ्ठी मागितली नाही. ‘हेवी देऊ का?’ एवढंच विचारलं. आपल्याकडे औषधाचे दोनच प्रकार आहेत, साधं आणि हेवी. त्या दुकानदाराच्या भिंतीवर पदविकेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे आणि त्याला हार घातलेला असतो. शिक्षणाला हार घालायचा असतो तो मेल्यावर, तेव्हा एका अर्थी ते बरोबरच होतं.

एका रविवारी दुपारी मी सहज ताईकडे गेले. दार उघडताच उदबत्तीचा वास आला आणि उदबत्तीच्या खालून दुसरा एक. गोडसर, शिळ्या द्राक्षांसारखा. माझ्या धंद्यात हा वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. तो एका विशिष्ट जंतूचा असतो, स्यूडोमोनासचा. ओल असेल तिथं तो राहतो, वाढताना हिरवट रंग सोडतो आणि आत शिरलेलं औषध पंपानं पाणी उपसावं तसं बाहेर फेकतो. लॅबमध्ये मला तो वास आला की मी फक्त प्लेट बघते. माझ्या बहिणीच्या बैठकीच्या खोलीत तो आला, तेव्हा मी सरळ आत शिरले.

‘कुणाला काय झालंय?’ मी चप्पल न काढताच विचारलं.

‘काय नाय गं,’ ताई पलंगावरून म्हणाली. ‘पायाला जरासं लागलंय. दुखत तर अज्याबात नाय.’

दुखत नाही हेच तर सगळ्यात वाईट होतं. तिच्या पायाला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली आणि त्या पट्टीवर मोरपंखी हिरवे डाग. मी पट्टी सोडली. पुढचं वर्णन करत नाही.

दाजी मागून म्हणाले, ‘उतारावर हाय आता. कालच बदली केलीय.’

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या आणि घाईघाईनं पुन्हा आत गेल्या. तासाभरात ताई दवाखान्यात होती.

शल्यचिकित्सक तरुण होता, थकलेला आणि कमी बोलणारा. मला तो त्यामुळेच आवडला. त्यानं जखम उघडली, सडलेलं काढलं आणि नमुना आमच्याच लॅबमध्ये पाठवला. बाटलीवर ताईचं नाव होतं. मी ते वाचलं आणि इतर कुठलाही नमुना लावते तसाच लावला. पाय वाचणार की नाही, हे आता त्या प्लेटवर आणि ताईच्या रक्तात जे काही त्राण उरलं होतं त्यावर अवलंबून होतं.

टिकल्या ठेवलेली प्लेट तयार झाली त्या सकाळी दाजी लॅबच्या काउंटरवर हजर. ओळखीनं रिपोर्ट लवकर मिळतो, या श्रद्धेवर त्यांची हयात गेली होती. मी प्लेट चिकटपट्टीनं बंद करून बाहेर आणली. ही प्लेट त्यांना दाखवायचीच, असं मी ठरवलं होतं.

‘हे हिरवट साय आल्यासारखं काय हाय?’ त्यांनी विचारलं.

‘ताईच्या पायातले जंतू.’

‘आन ह्या टिकल्या?’

‘तुमची औषधं. म्हणजे त्याच जातीची. ही दाताची. ही काकूंच्या लघवीची. ही टायफॉइडची. ही मेडिकलवाल्याची हेवी. औषध चाललं असतं तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडलं असतं. दिसतंय कुठं?’

या चार टिकल्यांभोवती रिंगण कुठंच नव्हतं. जंतू त्यातल्या प्रत्येक टिकलीला खेटून, अगदी तिच्या कडेपर्यंत ऐसपैस पसरले होते. मी त्यांना सांगितलं, यातली दोन औषधं तर या जंतूवर कधीच चालत नाहीत, जन्मभर दिली तरी. त्यांनी एवढंच केलं की पायातले बाकीचे साधे जंतू मारून याला जागा करून दिली. जे औषध कदाचित चाललं असतं, ते तुम्ही दोन दिवसांत काढून घेतलं, तेव्हा यानं तेही पचवायला शिकून घेतलं. आता कडेला एकच टिकली आहे जिच्याभोवती रिंगण आहे. ती सुई आहे, शिरेतून द्यायची, आणि तिच्यापुढे माझ्याकडे काही नाही.

दाजी चष्मा कपाळावर सरकवून प्लेट बराच वेळ निरखत राहिले. मला वाटलं, कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसाला काहीतरी कळलं.

‘म्हणजे,’ ते हळूच म्हणाले, ‘ह्यानं सगळ्यांशी सेटिंग केलं.’

‘हो.’

‘चुकलंच माझं.’ त्यांनी मान हलवली. ‘बदली रोजच्या रोज करायला पायजे होती.’

मी प्लेट घेऊन आत गेले. काही माणसांपुढे पुरावा ठेवणं म्हणजे पुराव्याचाच अपमान असतो.

ती सुई सुरू झाली. सोबतीला इन्सुलिन. आणि नातलगही सुरू झाले. फुलंब्रीहून ताईचे चुलत दीर गुळवेलीचा काढा घेऊन आले आणि ‘इम्युनिटी कमी झालीय’ असं निदान करून मोकळे झाले. कोरोना येऊन गेला आणि जाताना हा एक शब्द प्रत्येकाच्या हातात ठेवून गेला. कुणाला त्याचा अर्थ विचारू नका, पण वाढवायची कशी ते सगळ्यांना येतं. कुणी हळदीचं दूध वाढवायला सांगितलं, कुणी कसलीशी पावडर आणली, एकीनं तर मंतरलेलं पाणी. ताईच्या पांढऱ्या पेशींना काढा नको होता. त्यांना साखर ताब्यात हवी होती, आणि ती ताब्यात येऊ नये म्हणून हीच मंडळी ‘अशक्तपणा आलाय गं’ म्हणत तिला मोसंबीचा रस पाजत होती. मी एकदा तो ग्लास सरळ मोरीत ओतला. मला उद्धट म्हणतात ते तेव्हापासून नाही, पण तेव्हा जरा जास्त म्हणाले.

औषध मात्र लागू पडलं. ताप उतरला. रक्त तपासलं, त्यात जंतू नव्हते. साखर खाली आली. ताई उशीला टेकून बसली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला ठेच्याची कृती सांगू लागली. मला इतका आनंद झाला की मी लॅबमधल्या पोरींना समोसे खाऊ घातले. माझा रिपोर्ट बरोबर होता, औषध बरोबर होतं, आणि माझी बहीण हसत होती. दाजींसारख्यांच्या जगातही बरोबर गोष्टीला थोडी किंमत असते, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग पायाची बोटं काळी पडायला लागली.

शल्यचिकित्सकानं मला बाहेर बोलावून कागदावर एक रेघ काढली, मांडीपासून पावलापर्यंत, आणि पोटरीच्या खाली ती पुसली. रक्तवाहिन्या तिथं साखरेनं बुजल्या होत्या आणि सडलेल्या जखमेनं उरलेसुरलेले मार्गही बंद केले होते. उघडायचा प्रयत्न त्यांनी केला, जमलं नाही. औषध जातं ते रक्तातून. पांढऱ्या पेशीही जातात त्या रक्तातूनच. रक्तच पोचत नसेल तर तिथल्या जंतूंना कोण मारणार? वेळेत आल्या असत्या तर एका बोटावर निभावलं असतं, असंही तो म्हणाला. आता गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल.

ताईला ते मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाला धड सांगता आलं नसतं.

‘औषध लागू पडलं म्हणालीस ना?’ तिनं विचारलं.

‘पडलं. पण पायापर्यंत पोचत नाही, ताई. वाट बंद आहे.’

‘म्हंजी पाणी सुटलंय, पण आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद हाय,’ ती म्हणाली आणि हसली. मी हसू शकले नाही. लॅबच्या आधी मी कॉलेजात शिकवायचे, तेव्हा पोरांना हाच मुद्दा समजवायला अख्खा तास घेत असे.

पाय काढला. कापलेल्या जागी वरच्या बाजूला जंतू उरलेत का हे बघायला तिथला एक बारीक तुकडा आमच्याकडे आला. मी तो लावला आणि वाट पाहिली. प्लेट कोरी राहिली. आणखी एक दिवस ठेवली, तरी कोरी. वर काही पोचलं नव्हतं. ताई जगणार होती. मी रिपोर्टवर ‘जंतूंची वाढ नाही’ असं लिहिलं, सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

तो रिपोर्ट दाजींच्या हाती पडला. त्यांच्या कार्यालयात अशा अहवालाला ‘निल’ म्हणतात. त्यांनी ‘निल’ वाचलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पायात जंतूच नव्हते! चांगला पाय कापला! काउंटरवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हिरवट प्लेट ते सोयीनं विसरले. ताई घरी यायच्या आत ही बातमी गल्लीभर झाली, फुलंब्रीला पोचली, तिथून पुण्याला गेली, आणि पुण्याच्या एका चुलत भाच्यानं मला फोन करून विचारलं की मावशी, हे खरं आहे का. दाजींनी पुढची पायरीही गाठली होती. दवाखाना आणि लॅब यांचं आपसात सेटिंग असतं, असं ते कट्ट्यावर सांगत होते. ‘घरचीच बाई हाय म्हून बोलत नाय मी,’ असंही वर म्हणत होते.

ज्या माणसाच्या हातानं हे झालं तोच आता गावभर माझ्याच रिपोर्टची साक्ष काढत फिरत होता. मला आयुष्यात कुणाची इतकी किळस आली नव्हती. मी ठरवलं, सगळ्यांना जमवायचं, दोन्ही रिपोर्ट समोर ठेवायचे, आणि या माणसानं काय केलं ते त्याच्या तोंडावर, त्याच्या भावांसमोर, एकेका शब्दानं सांगायचं. चतुर्थीला उपास सोडायला मंडळी येणार होती. तोच दिवस मी निवडला आणि दुपारीच जाऊन बसायचं ठरवलं.

मी पोचले तेव्हा दाजी ताईला न्हाणीतून आणत होते. तिचा एक हात त्यांच्या गळ्यात, त्यांचा एक हात तिच्या मांड्यांखाली. त्यांचं बनियन ओलं झालेलं, धाप लागलेली. त्यांनी तिला पलंगावर टेकवलं, पंच्यानं तिचा उरलेला पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसला, दुसऱ्या पायाच्या टोकाची पट्टी ओली झाली नाही ना ते पाहिलं. मग ओले कपडे घेऊन गच्चीवर गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

ताईनं मला जवळ बोलावलं.

‘रिपोर्ट निल होता म्हणे,’ ती म्हणाली.

‘कापलेल्या जागेचा. तिथं काही नव्हतं, म्हणून तू जिवंत आहेस.’

‘आन खालच्या पायात?’

‘खाली होते.’

तिनं मांडीवरची चादर सारखी केली. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ पडलं का विचारावं तसं, तिनं विचारलं, ‘ह्यांच्या गोळ्यांनी गेला का गं माझा पाय?’

खोटं मला बोलता येत नाही आणि तिला ते ठाऊक होतं. ‘साखरेनं गेला. उपासांनी गेला. पण वेळ गेला तो गोळ्यांमुळंच.’

‘म्हंजी व्हय.’

‘हो.’

‘मला वाटलंच होतं,’ ती म्हणाली.

‘आज सगळे येतायत ना? सगळ्यांसमोर सांगणार आहे मी त्यांना. मला सेटिंगवाली म्हणतात? बघतेच आता.’

तिनं माझं मनगट धरलं. इतकं अशक्त झालेलं शरीर, पण पकड घट्ट होती.

‘सांगू नको,’ ती म्हणाली. ‘त्यांना कळलं ना, तर ते तोंड खाली घालून कोपऱ्यात बसतेत. मला ठावं हायेत ते. मग मला संडासला कोण नेईल?’

मला अजूनही त्या माणसाची किळसच येत होती, ती तसूभर कमी झाली नव्हती. जिन्यात चपला वाजल्या. दाजी रिकामी बादली घेऊन खाली आले, दारात थांबले.

‘चहा टाकू का मॅडम?’ ते म्हणाले. ‘तुमच्या डॉक्टरांनी चांगला पाय घालवला आमचा. पर चहाला काय, चहा घ्या.’

‘टाका,’ मी म्हणाले. ताईनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.